अविधवा नवमी

भाद्रपद वद्य नवमी, रात्री साडेदहा

आज आईचं श्राद्ध झालं. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची ही तिथी. सकाळी सहालाच कोथरूडहून निघाले, डेक्कनला उतरले आणि लकडी पुलावरून चालत नारायण पेठेत बाबांकडे गेले. खडकवासल्यातून पाणी सोडलंय. मुठा दुथडी भरून वाहतेय, भिडे पूल पाण्याखाली. क्षणभर थांबावंसं वाटलं, पण पिशवीत गवार, भोपळा, अळूची पानं होती आणि गुरुजी नऊला येणार होते.

सवाष्ण म्हणून शेजारच्या काकूंना बोलावलं होतं. ओटी भरली, पान वाढलं. खीर वाढताना त्या मायेनंच म्हणाल्या, "भाग्याची हो तुझी आई. अहेव गेली."

गेल्या पावणेदोन वर्षांत हे किती जणांकडून ऐकलं! तिला हिरवी साडी नेसवून, मळवट भरून वैकुंठात नेलं तेव्हा. दहाव्याला ओंकारेश्वरावर. नंतर भेटायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून. बाबा दर वेळी मान हलवायचे. आज मी वाढता वाढता त्यांच्याकडे पाहिलं, तर ते वरणभात नुसता कालवत बसले होते. घास घेतच नव्हते.

काकू गेल्या. बाबा पाट उचलता उचलता म्हणाले, "भाग्याची कसली गं? तिला जगायचं होतं."

मला काही बोलता येईना. विधवेच्या वाट्याला आपल्याकडे काय काय आलं ते मला ठाऊक आहे, त्याच्याशी मी कशाचीच तुलना करत नाही. पण गेलेलीला भाग्यवान म्हटलं की मागे राहिलेल्यानं रडायचं कुठल्या तोंडानं? पावणेदोन वर्षं सगळ्यांनी बाबांना सांत्वन म्हणून तिच्या भाग्याची वाटणी दिली आणि त्यांनी ती मुकाट घेतली. मीही त्या सगळ्यांतलीच. मीही 'सुटली हो' म्हटलंय.

आई गेल्यावर मी दुःखाविषयी बरंच वाचलं. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच अवस्था पाठच झाल्या होत्या: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. बाबा आज कुठल्या पायरीवर आहेत हे मी बघत बसायचे. सोसायटीच्या अर्जावर आईच्या नावामागे 'कै.' लिहिताना त्यांचं अक्षर जराही हललं नाही, तेव्हा वाटलं, चला, स्वीकारलं. दोन महिन्यांनी कपाटात तिचा चष्मा सापडला आणि ते तिथेच खाली बसून हुंदके देऊन रडले. मी घाबरले. वाटलं, परत मागे गेले.

त्या अवस्था मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये लिहिलंय ते मला बाबांच्या जास्त जवळचं वाटतं: माणूस गेलेल्याचं दुःख आणि पुढचं जगणं या दोन्हींत येरझारा घालतो, आणि दोन्ही लागतं. बाबा सकाळी लाइटबिल भरतात, मंडईत जाऊन घासाघीस करतात, दुपारी तिच्या उशीवर हात ठेवून पडतात. त्यात मागे जाणं काही नाही.

मनाच्या डॉक्टरांनाही मी मध्यंतरी विचारून आले होते. न ओसरणारं दुःख हा २०२२ पासून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत स्वतंत्र आजार आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत निदान वर्ष उलटल्यावरच तसं म्हणायचं. जगणंच अडून राहिलं असेल तर मदत घ्यायलाच हवी. बाबा जेवतात, झोपतात, माणसांत जातात. ते आजारी नाहीत. त्यांना आईची आठवण येते.

तिच्या मोबाइलचं रिचार्ज ते अजून करतात. गॅसचा ओटीपी त्यावर येतो म्हणतात. नंबर बदलून घ्या म्हणून मी किती वेळा मागे लागलेय. आता नाही लागणार.

संध्याकाळी भांडी आवरून निघाले, तर बाबा चपला घालून दारात उभे. "पाणी सोडलंय ना? चल, तुला डेक्कनपर्यंत सोडतो."

दर पावसाळ्यात नदीला पाणी आलं की आई त्यांना ओढून पुलावर न्यायची. गेल्या वर्षी ते घराबाहेरही पडले नव्हते. आज कठड्याला धरून बराच वेळ उभे होते. लोक फोटो काढत होते. खालून गढूळ पाणी, जलपर्णी, कुठलं तरी ओंडकं.

"पदर खोचून असं वाकून बघायची," बाबा म्हणाले. "मी मागून दंड धरून ठेवायचो. ओरडायची माझ्यावर, सोडा म्हणून."

मग तिच्याबद्दलच बोलत राहिले, पुलावरचे दिवे लागले तरी. माझ्या दोन बसेस गेल्या.