खेळायला सोडताना गळ्यातलं काढा राव

आमच्या सोसायटीच्या डॉग ग्रुपवर कुणी नवीन पिल्लू आणलं की दोन दिवसांत कॉलरचे फोटो यायला लागतात, ही घेऊ का ती घेऊ, लाल उठून दिसेल का, नाव कोरून मिळतं का वगैरे. हौस असतेच, मलाही आहे. पण तुमचा कुत्रा संध्याकाळी मागच्या प्लॉटवर बाकीच्यांबरोबर मोकळा दंगा करणार असेल तर त्याच्यासाठी सगळ्यात भारी कॉलर म्हणजे काढून तुमच्या खिशात ठेवलेली कॉलर. हे म्हणलं की निम्मे लोक हसतात.

एकदा कुत्री खेळतात कशी ते नीट बघा. नुसती पळापळी वेगळी, पण ज्यांची आपसात घट्ट गट्टी असते ते तोंडाने खेळतात, समोरच्याचा गळा, गाल, कान धरायचा, सोडायचा, परत धरायचा, चावायचं नसतंच, नुसती जबड्याची कुस्ती. ह्यात एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या कॉलरखाली सरकतो आणि पट्टा सुळ्यांच्या मागे जाऊन बसतो, मग तोंड काही केल्या निघत नाही. अडकलेला घाबरून मागे ओढतो, दुसरा गळा आवळला म्हणून लोळण घेतो, आणि एक लोळण झाली की पट्ट्याला पीळ बसतो, ओला टॉवेल पिळताना बसतो तसा. आता एकाचा श्वास बंद आणि दुसऱ्याचा दात किंवा जबडा मोडायची वेळ. बघणाऱ्याला वाटतं भांडण लागलं. मग काय, चार माणसं धावतात आणि दोघांना ओढून वेगळं करायला बघतात, म्हणजे पीळ अजून घट्ट.

आमच्याकडे हे झालं एका लॅब्रॅडॉरचं आणि एका इंडी म्हणजे गावठी पिल्लाचं, एकमेकांचे जिगरी दोस्त दोघं. लॅबच्या गळ्यात जाड चामड्याचा पट्टा, आपल्या कमरेच्या पट्ट्याला असतं तसलं पिनेचं बक्कल. ओरडत होतं ते पिल्लू, कारण लॅबचा आवाज निघतच नव्हता आणि जीभ निळसर पडायला लागलेली. त्याचे मालक काका बक्कल काढायला धडपडत होते पण पिनेचं बक्कल सोडवायचं तर पट्टा आधी अर्धा इंच अजून आवळावा लागतो तेव्हा पिन भोकातून बाहेर येते, आणि इथे तर आवळायला केसभर जागा शिल्लक नव्हती. शेवटी बागेतले माळीमामा झाडं छाटायची कात्री घेऊन आले आणि दोन तीन दाबांत पट्टा कापला. लॅब उठला, पाणी प्यायला, शेपटी पण हलवली, सगळे म्हणले सुटलो. डॉक्टरांनी मात्र रात्रभर ठेवून घेतला, कारण गळा आवळल्यावर काही तासांनी सुद्धा फुप्फुसात पाणी भरू शकतं आणि घशाला सूज येऊ शकते. म्हणून कुत्रा ठणठणीत दिसला तरी त्याच दिवशी दाखवून आणायचाच.

असं अडकलंच तर ओढायचं नाही, उलट दोघांना एकमेकांकडे ढकलायचं म्हणजे पट्टा सैल पडतो. एकाने अडकलेल्याला घट्ट धरायचं, दुसऱ्याने पीळ कुठल्या बाजूला बसलाय ते बघून दुसऱ्या कुत्र्याला उलट्या बाजूने वळवायचं, आडवा असेल तर सरळ लोळवायचा. जमलं तर बक्कल, नाहीतर कात्री. फर्स्ट एडवाले बँडेज कापायला बोथट टोकाची कात्री वापरतात ना, ती केमिस्टकडे किंवा सर्जिकलच्या दुकानात मिळते, पिशवीत पडू द्या एक. नायलॉन तिने आरामात कापलं जातं. बोथट टोक अशासाठी की त्या झटापटीत टोकदार कात्री थेट मानेत जाईल. आणि घाबरलेला कुत्रा घरच्यालाही चावतो, ते मनाला लावून घेऊ नका.

आता खरेदीचं. दुकानात मी एक उद्योग करते ज्यामुळे दुकानदार वैतागतो पण असू दे. कॉलर स्वतःच्या गुडघ्याच्या वर मांडीला लावायची, आत हात घालून पट्ट्याला एक पूर्ण पीळ द्यायचा आणि मग एका हाताने उघडून बघायचं. पिनेचं बक्कल इथेच नापास होतं. शाळेच्या दप्तराला असतं तसं दोन्हीकडून दाबायचं प्लास्टिकचं क्लिप बरं, पण तेही ताण असताना दाबायला जोर लागतो आणि स्वस्तातलं असेल तर चक्क अडकून बसतं. चोक चेन आणि ओढली की आवळणारी कुठलीही कॉलर खेळात पूर्ण बाद, आणि साखळी तर कात्रीने कापताही येत नाही. खिळ्यांचा पट्टा घालून रुबाब करणाऱ्यांना एकच सांगणं, हिमाचलातले गद्दी मेंढपाळ बिबट्यापासून वाचवायला कुत्र्याला लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, तिथे त्याला अर्थ आहे. सोसायटीत बिबट्या नाहीये, शेजारच्यांचा बीगल आहे आणि त्याच्या हिरड्या आहेत.

गळ्यात काहीतरी ठेवायचंच असेल तर ब्रेकअवे कॉलर बघा. ठराविक ताण आला की तिचं बक्कल आपोआप सुटतं. मोठ्या कुत्र्यांसाठीच्या चांगल्या ब्रेकअवेत बक्कलच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी असते, फिरायला नेताना लीश म्हणजे हातात धरायची दोरी दोन्ही कड्यांत अडकवली की ताण बक्कलवर येतच नाही म्हणून ती सुटत नाही, आणि खेळायला सोडताना लीश काढली की झालं. मांजराची ब्रेकअवे मोठ्या कुत्र्याला लावू नका, ती इतक्या हलक्या ओढीला सुटते की पाच मिनिटांत हरवते. आणि सैल कॉलर म्हणजे सुरक्षित असंही नाही, उलट जितकी सैल तितका जबडा सहज आत जातो. दोन बोटं सरकतील एवढीच जागा बरोबर.

हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा? तोही काढा. जीव जायची भीती कमी कारण गळ्यावर नसतो, पण दात आणि पुढचे पाय अडकतातच.

"मग पळाला तर पकडायचा कशाला धरून?" हा प्रश्न हमखास येतो आणि रास्त आहे. म्हणूनच कंपाउंड नसलेल्या जागी मी कुत्रा सोडतच नाही, तिथे लांब दोरी, आणि दोरीवर असताना दुसऱ्या कुत्र्याशी कुस्ती नाही. बंद जागेत पकडायला हातात स्लिप लीड म्हणजे सरकत्या फासाची दोरी ठेवा, गळ्यात टाकायची, बाहेर आणायचं, काढायची. पत्ता आणि फोन नंबरसाठी मायक्रोचिप करून घ्या, ती कातडीखाली असते आणि कशातच अडकत नाही. फक्त रस्त्यावरच्या माणसाला ती दिसत नाही, त्यामुळे बाहेर फिरताना नंबरवाली कॉलर हवीच. लोंबकळणारा टॅग पिंजऱ्याच्या जाळीत अडकतो, त्यापेक्षा नंबर पट्ट्यावरच शिवून घेतलेला चांगला. घुंगरू, कवड्यांची माळ, नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा हे सगळं पण कॉलरमध्येच धरा. दोरा तर जास्त वाईट, बारीक असल्यामुळे रुततो.

रस्त्यावरच्या पिल्लांना प्रेमाने पट्टे बांधणाऱ्यांनो, तुम्हालाही हे लागू आहे. ती दिवसभर एकमेकांच्या अंगावर असतात आणि तेव्हा बघायला कुणी नसतं. शिवाय पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही, मग काही महिन्यांनी तो मानेत रुतलेला सापडतो आणि तोवर ते इतकं बुजरं झालेलं असतं की पकडणं मुश्कील. रात्री गाडीवाल्यांना दिसावं म्हणून रिफ्लेक्टरवाला पट्टा हवा असेल तर मोठ्या झालेल्यांनाच, ओढलं की सुटेल असा वेलक्रोचा, आणि जो रोज खायला घालतो त्यानेच दर आठवड्याला बोटं घालून बघायचं.