मामांचा प्रश्न

गेल्या वर्षी सहल गणपतीपुळ्याला ठरली, तेव्हा वर्गातल्या एकाही पोरानं समुद्र बघितला नव्हता. आमची शाळा औसा तालुक्यातली. तेरणेला पाणी आलं तरी बघायला गर्दी होते. म्हणून त्सुनामीचा धडा मी सहलीआधीच घेतला.

पोषण आहाराच्या खोलीतून परात आणून पाण्यानं भरली आणि तळाशी ठेवलेली ताटली झटक्यात वर उचलली. पाणी उसळलं, पहिल्या रांगेतल्या मुलींचे पाय भिजले. वाऱ्याची लाट वरवरची असते. इथं तळापासूनचं सगळं पाणी हलतं. खोल समुद्रात ते विमानाच्या वेगानं धावतं, तरी जहाजावरच्या माणसाला पत्ता लागत नाही. किनाऱ्याजवळ वेग घटतो आणि लाट उभी राहते.

"26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळ भूकंप झाला. तमिळनाडूला लाट पोचायला दोनेक तास लागले," मी सांगत होतो.

परात न्यायला आलेले शिपाईमामा दारातच थांबले. "दोन तास? मंग माणसं मेली कशी, सर?"

मामा किल्लारीचे. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून गाव झोपलेलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. मामांची थोरली बहीण त्याखालीच गेली. "आमाला बाजंवरून पाय खाली टाकू दिला न्हाई," ते म्हणाले. वर्ग चिडीचूप.

मी सांगितलं, तेव्हा हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचं केंद्र 2007 मध्ये सुरू झालं. पण सुमात्राजवळच्याच सिमेउलुए बेटावर लाट काही मिनिटांतच पोचली, तरी हजारोंच्या वस्तीत फक्त 7 माणसं गेली. 1907 च्या लाटेची गोष्ट तिथल्या आज्यांनी नातवंडांना सांगून ठेवली होती: जमीन जोरात हलली, पाणी मागं हटलं, की डोंगर गाठायचा. भोंग्याची वाट बघायची नाही. एक लाट ओसरली म्हणून खालीही यायचं नाही, मागून मोठी येऊ शकते.

मामांनी परात उचलली आणि काही न बोलता गेले. सहलीला मात्र ते स्वतःहून आले.

गणपतीपुळ्याला बस थांबताच पोरं पाण्याकडे सुटली. मामा देवळामागच्या डोंगराकडे बघत होते. शहाळेवाल्याला काहीतरी विचारून आले, पोरांना हाका मारून माघारी बोलावलं आणि डोंगराकडे बोट केलं.

"आधी ही वाट बघून घ्या. मंग पाण्यात जावा."