ग्रीस: आधी बोट ठरवा, मग हॉटेल

ग्रीसची सहल आखताना बहुतेक जण आधी हॉटेलं पक्की करतात. विमानातून उतरून तीन दिवस अथेन्स, मग मिकोनोस, सांतोरिनी, शेवटच्या दिवशी दुपारी बोटीने परत आणि रात्री मुंबईचं विमान, असा तो ठरलेला साचा. यातली शेवटची उडी धोक्याची. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो आणि तो तीन-चार दिवस सलग वाहू शकतो. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा बोट बंद होते तेव्हा आभाळच सांगतं की आज काही खरं नाही. इथे आभाळ निळंशार, ऊन लख्ख आणि बोट रद्द. साधारण 8 ब्यूफोर्टचा (हे वाऱ्याच्या जोराचं माप) वारा असला की मोठ्या फेरीबोटींनाही बंदर सोडायला मनाई होते, वेगवान कॅटामरान (जोड-सांगाड्याच्या बोटी) त्याआधीच थांबतात. (तिथले लोक याला ‘बोफोर’ म्हणतात, तोफांशी संबंध नाही.) अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते, पण चुकलेल्या विमानाची जबाबदारी बोटवाले घेत नाहीत.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. उतरल्यावर बेटांवर जायचं आणि अथेन्स शेवटी. वाऱ्याने एखादा दिवस खाल्ला तर तो अथेन्समधून वजा होतो, विमान हातचं जात नाही. चौदा रात्रींची वाटणी अशी: पिरेअस (अथेन्सचं बंदर) 1, नाक्सोस 4, सांतोरिनी 2, क्रीट 4, अथेन्स 3. मिकोनोस यात नाही. तितक्याच पैशांत नाक्सोसला दुप्पट राहता येतं आणि वाळू नाक्सोसचीच चांगली.

कधी जायचं

आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीशी ग्रीसचा मे अगदी जुळतो. ऊन सोसवतं, डोंगर हिरवे असतात. समुद्राचं पाणी मात्र 19-20 अंशांचं, म्हणजे कोकणच्या सवयीने गार. पोहणं हाच मुख्य बेत असेल तर सप्टेंबर उत्तम, पाणी कोमट आणि गर्दी ओसरलेली. दिवाळीच्या सुट्टीत बेटांच्या नादी लागू नये. ऑक्टोबर सरताच बोटींच्या फेऱ्या घटतात, सांतोरिनी ते क्रीट ही वेगवान बोट बंद होते, निम्मी हॉटेलं कुलूप लावतात. तेव्हा अथेन्स, डेल्फी, नाफ्प्लिओ एवढंच करावं.

तीन तारखा तपासून घ्या. 1 मे ही कामगार दिनाची सुट्टी: पुरातत्त्व स्थळं बंद आणि बोटींचे कर्मचारी बहुधा 24 तासांच्या संपावर. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरातल्या ईस्टरपेक्षा बहुतेकदा वेगळ्या रविवारी येतो, 2027 मध्ये तो 2 मे रोजी आहे, म्हणजे एकाला लागून दुसरी सुट्टी. आणि 15 ऑगस्ट, मेरीमातेचा सण. ईस्टरचा आठवडा आणि 15 ऑगस्टच्या आसपास अख्खं अथेन्स गावी निघतं. गणपतीत कोकणच्या गाड्यांची जी गत, तीच या दिवसांत बोटींची.

व्हिसा आणि हॉटेल

ग्रीसला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा हा सामाईक व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मेमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट धरावी, एप्रिलमध्ये ती मिळवताना नाकी नऊ येतात. शुल्क प्रौढांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. सोबत इटली वगैरे जोडत असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्रींचा हिशोब आणि हॉटेलांच्या तारखा यांत एकही रात्र सुटता कामा नये. रात्रीच्या बोटीने जाणार असाल तर ती रात्र बोटीवरची म्हणून वेळापत्रकात लिहावी. हॉटेलं मोफत रद्द करता येणारी घ्या, कारण बोटींची उन्हाळी वेळापत्रकं वर्षाच्या सुरुवातीला हळूहळू जाहीर होतात आणि तुमची तारीख एक-दोन दिवस सरकू शकते.

हॉटेलवर गेल्यावर काउंटरवर वेगळा कर मागतात, त्यावर वाद घालू नका. हा हवामान निधीचा सरकारी कर असून एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीला दर रात्री आकारला जातो: 2025 च्या दराने एक-दोन तारांकितला 2, तीनला 5, चारला 10 आणि पाचला 15 युरो. ऑनलाइन दाखवलेल्या भाड्यात तो बहुतेकदा धरलेला नसतो. चौदा रात्रींचा हा आकडा लहान नाही.

पिरेअसचं बंदर

नाक्सोसची मोठी फेरी सकाळी साडेसातच्या सुमारास सुटते. विमानतळावरून मेट्रोची निळी लाइन थेट पिरेअसपर्यंत जाते, तासभर लागतो, तिकीट 9 युरो. पण पहिली मेट्रो सहाच्या पुढे निघते, तिने बोट गाठणं म्हणजे जुगार. रात्रभर चालणारी X96 बस आहे (5.50 युरो), तरी आदल्या रात्री पिरेअसमध्येच झोपलेलं बरं.

बंदर अवाढव्य आहे आणि E1 पासून E12 पर्यंत दारं आहेत. सिक्लाडीस बेटांच्या (नाक्सोस, सांतोरिनी त्यातलीच) बहुतेक बोटी E6-E7 वरून सुटतात, ती मेट्रो स्थानकाच्या समोरच. क्रीटच्या बोटी E2-E3 कडून, तिथवर सामान ओढत चालणं नको, बंदरातली मोफत बस घ्यावी. तिकिटावर दार छापलेलं असलं तरी आदल्या दिवशी फोनवर आलेला संदेश पाहावा, दार बदलतं.

फेरी की कॅटामरान? मोठ्या फेरीला नाक्सोसपर्यंत पाच-साडेपाच तास लागतात, कॅटामरानला साडेतीन-चार आणि तिकीट साधारण दुप्पट. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी कॅटामरानच्या वाटेला जाऊ नये. आत बंद खुर्चीत बसून राहावं लागतं, उघडा डेक जवळपास नसतोच आणि लाटेत ती आपटत जाते. मोठ्या फेरीत मागच्या डेकवर वारा खात, कॉफी पीत बेटं मोजत जाता येतं. बोट लागणाऱ्यांनी बोट सुटण्यापूर्वी अर्धा-एक तास गोळी घ्यावी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

चढताना सामान खाली गाड्यांच्या मजल्यावर, बेटाचं नाव लिहिलेल्या रॅकवर ठेवायचं. पासपोर्ट, पैसे, औषधं मात्र वर घेऊन जा. आपलं बेट जवळ आल्याची घोषणा झाली की लगेच खाली उतरायचं. मधल्या बेटांवर बोट धक्क्याला पाच-दहा मिनिटंच थांबते. वयस्कर मंडळी सोबत असतील तर घोषणेचीही वाट पाहू नका, जिना अरुंद असतो आणि सगळे एकदमच सुटतात.

नाक्सोस

बोट बंदरात शिरताना डावीकडे किंवा उजवीकडे (बोट कशी वळते त्यावर आहे) एकटा संगमरवरी दरवाजा दिसतो. तो ‘पोर्तारा’: इ.स.पू. 530 च्या सुमारास सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या अपोलो मंदिराची चौकट. सूर्यास्ताला तिथेच जावं, तिकीट नाही.

मुक्काम दोन ठिकाणी करता येतो. गाडी नको असेल तर चोरा या मुख्य गावात, कारण बसस्थानक धक्क्याला लागूनच आहे. पोहायलाच आलात तर आगिओस प्रोकोपिओस किंवा आगिया आन्ना. तिथून पुढे प्लाकाचा लांबलचक किनारा चालत गाठता येतो. चारपैकी एक दिवस डोंगरातल्या गावांसाठी: हाल्की, फिलोती, आपिरान्थोस. रस्ता थेट आंबोलीची आठवण देणारा वळणावळणाचा आहे, फक्त झाडी नाही. या बेटावर बटाटे आणि ‘ग्राविएरा’ चीज पिकतं-बनतं, आणि इथले तळलेले बटाटे खरोखरच वेगळे लागतात. हे शाकाहाऱ्यांच्या पथ्यावर पडतं.

क्वाड बाइक सगळीकडे भाड्याने दिसते. घेऊ नये. गावाकडच्या वळणांवर खडी असते आणि बऱ्याच प्रवास विम्यांत क्वाडचा अपघात धरलेला नसतो.

सांतोरिनी, दोनच रात्री

नाक्सोसहून मोठी फेरी दोन-सव्वादोन तासांत आथिनिओस बंदराला लागते. बंदर कड्याच्या पायथ्याशी, वर जायला एकच नागमोडी रस्ता. बोटींच्या वेळेला ‘फिरा’ या मुख्य गावाची बस उभी असते. धक्क्यावर घुटमळलात तर जागा जाते. बसचं तिकीट आत कंडक्टरकडे, सुटे युरो ठेवा.

कड्यावरच्या पांढऱ्या हॉटेलांचे फोटो पाहून खोली घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? साठ-सत्तर असू शकतात आणि बॅग तुम्हालाच वाहायची असते. गुडघे दुखणारे सोबत असतील तर फिराच्या मागच्या, सपाट बाजूला राहा, निम्म्या पैशात भागतं. इया गावचा सूर्यास्त जगप्रसिद्ध आहे आणि त्या वेळी तिथे दादर स्टेशन असतं. त्यापेक्षा इमेरोविग्लीहून पाहावा आणि इयाला सकाळी साडेसातला जावं. फिरा ते इया हा कड्याकडेचा पायी रस्ता सुमारे 10 किलोमीटरचा, तीन-चार तासांचा. वाटेत सावली नाही, म्हणून दहाच्या आत संपवायचा. आक्रोतिरीचं उत्खनन दुपारी ठेवा, ते छताखाली आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं हे गाव सांतोरिनीतली सर्वात मोलाची गोष्ट आहे, आणि बहुसंख्य लोक ते न पाहताच परततात. नळाचं पाणी इथे पिऊ नका, अथेन्सला चालतं.

पानावर काय

मांस नको, एवढं सांगणं पुरेसं नाही. ‘लादेरा’ हा शब्द लक्षात ठेवा: ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. ‘ब्रियाम’ ही मिसळ भाजी, ‘फासोलाक्या’ म्हणजे टोमॅटोतल्या फरसबीच्या शेंगा, ‘गिगांतेस’ म्हणजे थोराड पावटे. ‘येमिस्ता’ म्हणजे भरले टोमॅटो-मिरच्या, पण आत कधी कधी खिमा असतो. बिनखिम्याच्या येमिस्ताला तिथे ‘ऑर्फाना’, म्हणजे अनाथ म्हणतात! मुसाकात खिमा असतोच. सांतोरिनीचं ‘फावा’ आपल्या विदर्भातल्या लाखोळी डाळीच्या कुळातलं. कांदा, लिंबू आणि तेल घातलेलं घट्ट वरणच म्हणा. तिथलीच टोमॅटोची भजी ‘दोमातोकेफ्तेदेस’, चहा नाही एवढीच उणीव.

‘निस्तिसिमो’ म्हणजे उपासाचं. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. मात्र कोळंबी आणि माखुल चालतात, म्हणून नुसत्या या शब्दावर विसंबू नका. जैन मंडळींना कांदा-लसूण टाळणं अवघड जातं. त्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, बाजारात भाज्या उत्तम मिळतात. आणि ‘ने’ म्हणजे ‘हो’, हे घोकून ठेवा. वेटरने ‘ने’ म्हटलं की आपल्याला नकार वाटतो आणि नको ते पानात पडतं.

क्रीट

सांतोरिनीहून इराक्लिओला वेगवान बोट साधारण दोन तासांत पोचते. इथे एक रात्र पुरते. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा शहरापासून 5 किलोमीटरवर, 2 नंबरची बस जाते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने 1900 पासून खणताना काँक्रीट ओतून खांब-भिंती पुन्हा उभ्या केल्या, त्यामुळे खरं किती आणि त्याचं किती हा प्रश्न पडतो. म्हणून आधी शहरातलं पुरातत्त्व संग्रहालय पाहा, मग क्नोसोस.

बाकी तीन रात्री पश्चिमेकडच्या हान्या शहरात. क्रीटमध्ये गाडी हवी. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो आरटीओतून वर्षभरासाठी मिळतो. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं असावं, ऑटोमॅटिक गाडी आधीच राखून ठेवावी. महामार्गावर मागून कोणी घाई केली तर हळू गाडी उजवीकडच्या पट्ट्यात अर्धी घेऊन वाट देतात, तशी रीत आहे. बालोसच्या खडीच्या वाटेवर बऱ्याच भाड्याच्या गाड्यांचा विमा लागू होत नाही, तिकडे किसामोसहून बोटीने जा.

सामारिया घळ मे ते ऑक्टोबर उघडी असते. 16 किलोमीटर, सगळी उतरण, त्यामुळे दम लागत नाही पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात. इथे गाडी नेऊ नका: खाली आगिया रुमेलीला रस्ताच नाही, संध्याकाळच्या बोटीने सुया किंवा स्फाक्याला जाऊन तिथून बसने परतावं लागतं. ती बोट चुकली तर मुक्काम तिथेच.

शेवटी अथेन्स

हान्याहून विमान पाऊण-एक तासाचं, किंवा सूदा बंदरातून रात्रीची बोट. केबिन घेतली तर एक हॉटेल वाचतं आणि पहाटे पिरेअस. कुकाकी भागात राहा, अक्रोपोलिस चालत. ओमोनियाजवळच्या स्वस्त खोल्यांचा मोह टाळा.

अक्रोपोलिसचं तिकीट 2025 पासून 30 युरो आणि ठरावीक वेळेचं. सकाळी 8 चा किंवा शेवटचा गट घ्या. पायाखालचा संगमरवर लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालाय, चपला नकोत. उष्णतेच्या लाटेत दुपारी स्थळ बंद ठेवतात, म्हणून मधली वेळ घेऊच नका. खालचं संग्रहालय वेगळ्या तिकिटाचं, शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं. मेट्रोत, खासकरून मोनास्तिराकीला, खिसेकापूंपासून सावध. पाकीट पुढच्या खिशात.

वाऱ्याने दिवस खाल्ला नसेल तर नाफ्प्लिओ करा. अथेन्सच्याही आधी ही ग्रीसची राजधानी होती. बस किफिसोस स्थानकावरून, सुमारे अडीच तास. डेल्फीची बस मात्र लिओसिओन या दुसऱ्या स्थानकावरून सुटते. दोन्ही स्थानकं मेट्रोला लागून नाहीत, टॅक्सीवाल्याला स्थानकाचं नाव स्पष्ट सांगा.