धुऱ्याकडचा फिकट पट्टा

आज लॅपटॉप घेऊन थेट वावरात गेलो. १५ दिवस सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फोटोत नुसते ढगच, काल कुठे उघडीप मिळाली. आमच्या पऱ्हाटीचा (कपाशीचा) धुऱ्याकडचा, म्हणजे बांधालगतचा, पट्टा त्या फोटोच्या नकाशावर फिकट दिसत होता. नकाशातला एक चौकोन म्हणजे १० बाय १० मीटर, एकरात साधारण ४० बसतात. पानात नत्र भरपूर असलं की हरितद्रव्य जास्त, ते लाल प्रकाश शोषून घेतं. उपाशी पान तोच परत फेकतं. मी ऐटीत म्हटलं, "बाबा, इथं युरिया कमी पडला."

बाबांनी काही न बोलता एक झाड उपटलं. मुळाशी सगळा चिखल. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात. खत टाकलेलं असूनही झाडाला घेता येत नाही. वरून बघणाऱ्याला दोन्ही पिवळेपणा सारखेच! (पुढे लाल्या आला, म्हणजे पानं लाल पडली, की आणखी वेगळी भानगड, तिथं बऱ्याचदा मॅग्नेशियम कमी असतं.)

युरियाची गोणी तशीच घरी आणली. संध्याकाळपर्यंत दोघांनी चर खोदला. जागा मात्र नकाशानं बरोबर दाखवली, हे बाबांनी मान्य केलं. चहा पिताना, हळूच.