वेळापूरचा धावा

वारीत लोक चालतात हे सगळ्यांनाच माहितीये, पण वारीत लोक धावतात सुद्धा, आणि काय सुंदर धावतात, हे आमच्या पुण्यातल्या रनिंग ग्रुपमधल्या बऱ्याच जणांच्या गावीही नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

मी माउलींच्या पालखीबरोबर चालले ती फक्त माळशिरस ते वेळापूर. आदल्या रात्री माळशिरसला ज्यांच्याकडे उतरलो त्यांची ना ओळख ना पाळख, तरी काकूंनी रात्री उशिरा आमच्यासाठी गरम भाकऱ्या थापल्या आणि पैशाचं नावही काढू दिलं नाही.

सकाळी खुडूस फाट्याला गोल रिंगण, म्हणजे मैदानात वारकरी गोल करून थांबतात आणि मधल्या मोकळ्या वाटेवर धावणं होतं. तिथे जो तो अश्वांची वाट बघत असतो, माउलींचा अश्व दौडला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते, ते बघताना अंगावर काटा येतोच. पण मला विचाराल तर डोळे भरून बघायचं ते त्याच्या आधीचं. आधी पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात, पखवाजवाले धावतात. साठी उलटलेल्या बायका, नऊवारीचा काष्टा, एक हात वर तुळशी वृंदावनाला, पाय अनवाणी, आणि मान जराही हलत नाही! खांदे सैल, पावलं छोटी छोटी, पटापट. आमचे कोच हेच वर्षभर ओरडून सांगतात. विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा म्हणून तो थोडा मागे रेलून धावतो, पताकावाला काठी तोलत पुढे झुकून, आणि पखवाजवाला तर वाजवत धावतो, त्याचं पाऊल बरोब्बर बोलावर पडतं. एकाच रिंगणात इतक्या तऱ्हेचं धावणं मी कुठल्याच मॅरेथॉनमध्ये पाहिलेलं नाही, तिथे आम्ही सगळे सारखेच दिसतो, सारखेच बूट आणि डोळे सारखे घड्याळावर.

राग एकाच गोष्टीचा आला, मोबाईल वर धरून पुढे घुसणाऱ्यांचा. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आणि ती बिचारी पार आळंदीपासून चालत आलेली.

दुपारचं जेवण, ऊन, धूळ, ते सोडून देते. वेळापूरच्या अलीकडे एक उतार लागतो. तुकोबा पंढरीला जाताना त्यांना इथून विठ्ठलाच्या देवळाचा कळस दिसला आणि तिथून ते जे धावत सुटले, अशी कथा वारकरी सांगतात. त्या आठवणीत आजही इथे दिंड्या उतारावरून धावतात, यालाच धावा म्हणतात. कळस आज तिथून दिसत नाही, पंढरपूर अजून दोन-तीन मुक्काम लांब, पण धावणाऱ्यांच्या तोंडाकडे बघा, त्यांना तो दिसत असतो. सकाळपासून चालून पाय सुजलेले लोक, आदल्या दिवशी लंगडत चाललेले आजोबा, टाळ छातीशी धरून सुटतात. एका आजींनी माझा दंड धरला, म्हणाल्या, "माउली, पळा की, उभ्या काय ऱ्हायलात!" आणि मी पळाले, पाठीवर सॅक, पायात साध्या चपला, शेजारी ती आजी, पुढेमागे नुसता माउली माउलीचा गजर, आणि उतार संपला तेव्हा मला रडू आवरेना. एवढी वर्षं धावतेय, पण आनंद झाला म्हणून, कुणाला तरी भेटायचंय म्हणून असं कधी धावले नव्हते. त्या आजीला धाप लागली होती आणि ती हसत होती, मग माझे हात धरून तिने तिथेच फुगडी घातली.

तुम्ही धावत असाल तर हा दिवस गाठाच. फक्त खुडूसचं रिंगण संपलं की गाड्या काढून परत फिरू नका, बरेच बघे तिथूनच परततात आणि धावा बघायचा राहून जातो.