अडीच सुताचा हिशेब

रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं, यावरून नाशिककर गोदेचा पूर जोखतात. हवेतला ओलावा जोखायला रामकुंडापर्यंत जायला नको, घरातलं सागवानी दार कुठे घासतंय ते बघावं.

दार फुगलं की आपण कुरकुरतो, पण टेबल करायला टाकताना हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, सगळा खेळ रुंदीत, रेषांना आडवा. टेबलाचा तीन फूट रुंद सागवानी पाट, म्हणजे वरची फळी, वैशाखापासून श्रावणापर्यंत आठेक मिलिमीटर पसरू शकतो, मिस्त्रींच्या मापात अडीच सूत. सागवान तर गुणी लाकूड, तरी एवढं! असा पाट खालच्या चौकटीला फेविकॉल आणि स्क्रूने चहूबाजूंनी जखडला, की आटताना तो मधोमध तडकतो. बोल मात्र लागतो लाकडाला.

जाणता मिस्त्री पाट जखडतच नाही. चौकटीच्या आतल्या अंगाला तो खाच पाडतो आणि लाकडाचे बोटभर गुटके करतो. गुटक्याचा दात खाचेत, स्क्रू गुटक्यातून पाटात. पाट उचलला जात नाही, पण सरकू शकतो. इथे महिना महत्त्वाचा. मे महिन्यात जोडलेलं टेबल पुढे फुगणार, म्हणून गुटका आणि चौकट यांच्यात दीड-दोन सूत मोकळं सोडायचं. ऑगस्टमध्ये जोडलेलं आटणार, तेव्हा गुटका चौकटीला जवळजवळ भिडवायचा आणि दात खाचेत चांगला खोल ठेवायचा. टोकाला आडवी पट्टी हवी असेल, तर मधली खुंटी घट्ट आणि कडेच्या खुंट्यांना कुसवात, म्हणजे पाटाच्या पट्टीत शिरणाऱ्या जिभेत, लांबट भोकं. मग पावसाळ्यात पाट पट्टीबाहेर किंचित डोकावतो. काहींना ते खुपतं, मला आवडतं.

पॉलिशने हे सगळं थांबतं म्हणतात. थांबत नाही, फक्त सावकाश होतं. आणि पॉलिश वरूनच मारून खालची बाजू कोरी ठेवली, तर पाट वाकायला निमित्तच मिळतं. कटकट नकोच असेल तर प्लायवूड घ्यावं. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले, कुणी कुणाला हलू देत नाही.

टेबल एसीच्या खोलीत जाणार असेल, तर तेही मिस्त्रींना आधी सांगून ठेवावं. पावसाळ्यातल्या दुकानात दमटलेल्या फळ्या तिथे आल्या, की भर ऑगस्टमध्येही आटायला लागतात.