त्या पन्नास मुलग्यांनी का नाही अडवलं?

"वर्गात पन्नास मुलगे होते ना? मग त्या एकट्याला कोणी धरलं कसं नाही? हातात बांगड्या भरल्या होत्या का?"

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि कॅनडातल्या माँट्रियलमध्ये राहते. इथल्या एकोल पॉलितेक्निक या इंजिनिअरिंग कॉलेजात 1989 साली एका माणसाने चौदा बायकांना गोळ्या घालून मारलं हे सांगितलं, की आपल्याकडून आलेली माणसं मला हमखास हे विचारतात. उभ्या उभ्या उत्तर देऊन भागत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहिते.

तारीख 6 डिसेंबर, बुधवार. सत्र संपत आलेलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावर मेकॅनिकलचा वर्ग चालू होता, एक विद्यार्थी समोर उभा राहून प्रेझेंटेशन देत होता. पंचवीस वर्षांचा एक माणूस रायफल घेऊन आत आला. (त्याचं नाव मी लिहीत नाही आणि बोलतानाही घेत नाही.) सगळं थांबवा, मुलगे एका बाजूला व्हा, मुली दुसऱ्या बाजूला, असं तो म्हणाला. कोणी जागचं हललं नाही. कोणीतरी थट्टा करतंय असंच सगळ्यांना वाटलं. मग त्याने छतात गोळी झाडली आणि मुलग्यांना बाहेर जायला सांगितलं.

या क्षणावर जरा थांबा. पुढे काय झालं ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे, दारातून बाहेर पडणाऱ्यांना नव्हतं. मुलींना मुली म्हणून बाजूला काढून मारायचं, ही गोष्ट त्या विशी-बाविशीच्या पोरांच्या मनात येणार तरी कशी? आणि आली असती, तरी रायफलच्या नळीपुढे रिकाम्या हातांनी काय करायचं असतं?

आत नऊ जणी राहिल्या. तुम्ही इथे का आहात ते कळतंय का, असं त्याने विचारलं. आपला लढा स्त्रीवादाविरुद्ध आहे म्हणाला. नाताली प्रोव्हो नावाच्या विद्यार्थिनीने उत्तर दिलं: आम्ही इंजिनिअरिंग शिकणाऱ्या साध्या मुली आहोत, मोर्चे काढून पुरुषांविरुद्ध घोषणा देणाऱ्या नाही. त्यावर त्याने डावीकडून उजवीकडे गोळ्या झाडल्या. सहा जणी तिथेच गेल्या. नातालीला चार गोळ्या लागल्या, पण ती वाचली.

माझ्या वर्गातही आम्ही मुली बोटांवर मोजण्याइतक्याच होतो. एकाच बाकाच्या आसपास बसायचो. दारात उभं राहून कोणीही आम्हाला एका नजरेत मोजलं असतं. त्यामुळे पन्नास मुलगे आणि नऊ मुली हे आकडे वाचले की मला तो बाक दिसतो.

तिथून तो कॉरिडॉरमध्ये गेला, मग कँटीनमध्ये, मग तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात. सुमारे वीस मिनिटं हे चाललं होतं. चौदा बायका मारल्या गेल्या: बारा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनी, एक नर्सिंगची, आणि एक कॉलेजच्या आर्थिक विभागात काम करणारी. आणखी चौदा जण जखमी झाले, त्यांत चार पुरुष होते. शेवटी त्याने स्वतःला गोळी मारून घेतली.

आणि पोलिस? ते बाहेर घेराव घालून थांबले होते. तेव्हाची पद्धतच तशी होती. तो मेल्यावर पोलिस आत गेले. पत्रकारांना माहिती देऊन एक अधिकारी इमारतीत शिरला, तर समोर त्याची स्वतःचीच मुलगी मरून पडलेली. यानंतर माँट्रियलच्या पोलिसांनी पद्धत बदलली. 2006 मध्ये इथल्याच डॉसन कॉलेजात गोळीबार झाला तेव्हा ते लगेच आत घुसले. हत्यारं आणि प्रशिक्षण असलेली माणसं बाहेर थांबली होती, आणि जाब मात्र वह्या घेऊन बसलेल्या पोरांना विचारला जातो.

मला या प्रश्नाचा खरा त्रास होतो तो आणखी एका कारणाने. मुलग्यांच्या मर्दानगीची चर्चा सुरू झाली की मेलेल्या बायका बाजूला पडतात. तेव्हा इथेही तेच झालं. मारेकऱ्याच्या खिशात पत्र होतं, त्यात त्याने बायकांवरचा राग स्पष्ट लिहिला होता, आणि आमच्या क्वेबेक प्रांतातल्या एकोणीस नामवंत स्त्रियांची यादीही होती. पोलिसांनी ते जाहीर केलं नाही. त्या यादीत फ्रान्सीन पेलतिए या पत्रकाराचं नाव होतं, तिने ते मिळावं म्हणून पाठपुरावा केला आणि वर्षभराने ते छापून आलं. तरीही बरीच वर्षं लोक 'माथेफिरूचं कृत्य' म्हणत राहिले. त्या चौदा जणींच्या स्मारकाच्या चौकातल्या फलकावर आधी नुसतीच 'शोकांतिका' होती. हा स्त्रीवादविरोधी हल्ला होता, असं त्यावर लिहायला 2019 उजाडलं.

त्या मुलग्यांना दोष द्यायचा अधिकार कोणाला असेल तर तो नातालीला. तिने हॉस्पिटलच्या पलंगावरून पत्रकारांना सांगितलं, की हे कोणालाही टाळता आलं नसतं, माझ्या वर्गमित्रांनी अपराधी वाटून घेऊ नये. मुलींनी इंजिनिअरिंगला जरूर यावं, हेही तिने तेव्हाच सांगितलं. आपण स्त्रीवादीच होतो हे पुढे उमगलं, असं ती नंतर म्हणाली.

मुलग्यांनी काय केलं, तर त्यांनी आणि वाचलेल्या मुलींनी मिळून बंदुकांवर कडक नियंत्रण मागणाऱ्या अर्जावर साडेपाच लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. त्या दिवशी इमारतीत असलेल्या हायडी राथजेनने नोकरी सोडून आयुष्य याच कामाला दिलं. 1995 मध्ये कायदा झाला, बंदुकांची नोंदणी आली. 2012 मध्ये दुसऱ्या सरकारने रायफलींची नोंदणी रद्द केली, तेव्हा ही माणसं पुन्हा रस्त्यावर उतरली.

हल्ल्यातली रायफल, रुगर मिनी-14, त्याने दुकानातून रीतसर परवान्यावर घेतली होती, लहानसहान शिकारीसाठी हवी असं सांगून. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात गोळीबारात बावीस जण मारले गेल्यावर मे 2020 मध्ये सरकारने सुमारे दीड हजार प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. रुगर मिनी-14 तेव्हा कुठे त्या यादीत आली. नाताली प्रोव्हो 2025 मध्ये कॅनडाच्या संसदेवर निवडून आल्या.